काजळीच्या नावाच्या दोन नळ्या

११ जानेवारी

ती. मामास,
तुझ्या भिंगरीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं खोकं सात तारखेला पोचलं. नाल ठेवायच्या लाकडी खोक्यात भुसा आणि बर्फ भरून नमुने पाठवणारा नालबंद आमच्या प्रयोगशाळेने पहिल्यांदाच पाहिला. बर्फाचं निम्मं पाणी झालं होतं, पण नळ्या थंडगार होत्या आणि एकही फुटली नव्हती. घोड्याच्या नाकात बोळा कसा फिरवायचा हे मी शिकवलं तेव्हा तू माझी जी टिंगल केलीस ती मी विसरलेले नाही. काम मात्र नेटकं केलंस. रक्ताच्या बाटल्या भरून दिल्याबद्दल तुमच्या तबेल्याच्या कंपाउंडरकाकांनाही माझा नमस्कार सांग.

आता कामाचं. तीन वर्षं मी घोड्यांच्या फ्लूच्या मागे लागले आहे. (आई म्हणते, इतकी एखाद्या मुलाच्या मागे लागली असतीस तर तिला नातवंडं दिसली असती.) तुझ्या बारा नमुन्यांपैकी पाचांत विषाणू निघाला. आम्ही तो कोंबडीच्या अंड्यात वाढवतो, मग अंड्यातलं पाणी काढून त्यात लाल पेशी टाकतो. विषाणू नसेल तर पेशी खाली बसून तळाशी लाल ठिपका दिसतो, असेल तर त्या एकमेकींना चिकटतात आणि ठिपका बसत नाही. पाच प्याल्यांत ठिपका बसला नाही. तुमच्या मॅनेजरने सोबतच्या कागदावर 'धुळीचा खोकला' असं ठोकून दिलं आहे. त्यांना सांग, धूळ अंड्यात वाढत नाही.

पण एक भानगड आहे. दोन नळ्यांवर एकच नाव आहे: काजळी. पहिलीत काही वावगं नाही. दुसरीतल्या बोळ्याला दोन आखूड पिवळट केस चिकटलेत, आणि काजळी तर काळी कुळकुळीत. तिच्या नावाच्या दुसऱ्या बाटलीतलं रक्तही घोड्याचं नाही. विषाणू मात्र दोन्हींत तोच आहे, घोड्याचा. मामा, तू नेमका कोणाच्या नाकात बोळा घातलास? आणि काजळीला ताप कधी आला, खोकला कधी सुरू झाला, ते तारखेनिशी कळव.

लोभ कमी करू नकोस. केलास तर मी येऊन मागून नेईन.

तुझी
भिंगरी


१६ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

पत्र मिळालं. फोन करत नाही, कारण इथला एकमेव फोन मॅनेजरच्या टेबलावर आहे आणि मॅनेजरचे कान त्याहून मोठे आहेत.

कोणाच्या नाकात म्हणजे काय? काजळीच्या आणि काजळीच्या कुत्र्याच्या. एवढी शिकलीस आणि हे माहीत नाही? शर्यतीची घोडी भित्री असली तर तिला एकटीला ठाणात झोप लागत नाही. मग तिला सोबती देतात. कोणाला शेळी, कोणाला म्हातारं गाढव. काजळीला हा पिवळा कुत्रा दिलाय. तो तिच्या पायाशी झोपतो, तिच्याच बादलीत तोंड घालतो. ती शिंकली की सगळं त्याच्या अंगावर. सोबत्याला तबेल्यात वेगळं नाव नसतं. फळ्यावर, वहीत, सगळीकडे तो घोडीच्याच नावावर जातो. घोडी विकली तर तोही तिच्यामागे जातो. काजळीला द्या म्हटलं की मोतद्दार दोघांचं खाणं आणतात. अडतीस वर्षं असंच लिहीत आलो, तसंच तुझ्या नळीवर लिहिलं. तोही चार तारखेपासून शिंकत होता, डोळे गळत होते, म्हणून म्हटलं त्याचाही पाठवावा. आगाऊपणा झाला असेल तर नळी फेकून दे.

काजळीच्या तापाचं म्हणशील तर वहीत पाच जानेवारी लिहिलंय. तीच तारीख धर.

ती खात नाही नीट. दोन दिवसांनी शेंगदाण्याएवढी भूक लागते, तेवढंच. बाकी ठीक. ताईला सांग, माझा गुडघा जागेवर आहे.

माया आहेच, पत्रात मावेल तेवढी पाठवतोय.

तुझा
मामा


२२ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

नळी फेकून दे म्हणतोस? मामा, त्या नळीसाठी मी आठवडाभर नीट जेवलेले नाही.

नीट वाच. घोड्याचा फ्लू घोड्याला होतो, डुकराचा डुकराला, पक्ष्यांचा पक्ष्यांना. प्रत्येक जनावराच्या घशातली कुलपं वेगळी असतात आणि विषाणूची किल्ली सहसा एकाच कुलपाला लागते. कधीतरी एखादी किल्ली झिजून दुसऱ्याही कुलपाला लागते. काजळीच्या कुत्र्यात तेच झालंय असं मला वाटतं. आमच्या इथल्या नोंदींत असं आजवर नाही. एक कुत्रा आजारी पडणं एवढ्यापुरतं ते असेल तर ठीक. पण त्या कुत्र्याकडून दुसऱ्या कुत्र्याला होत असेल, तर हा आजार उद्या घोड्यांपुरता राहणार नाही. आणि पंधरा फेब्रुवारीला तुमच्याकडे मोठी शर्यत. तीनशे घोडी आणि त्यांचे सोबती चार दिवस एकत्र राहणार, मग गावोगाव परत जाणार.

हे सगळं मी आमच्या मोठ्या साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि तुझी तारीख काढली. वहीप्रमाणे घोडीला ताप पाचला आला. कुत्रा चारलाच शिंकत होता. मग घोडीकडून कुत्र्याला कसा होईल? शिवाय एका नावाच्या दोन नळ्या. त्यांचं म्हणणं, ही सरळ सरळ नळ्यांची अदलाबदल आहे आणि मी तसं स्वतःच्या हाताने लिहून द्यावं, म्हणजे विषय संपला. तुमचे मालक आमच्या नव्या इमारतीचे आश्रयदाते आहेत हे त्यांनी जाता जाता सांगितलं, अगदी हवापाणी सांगावं तसं.

मी लिहून दिलं नाही. देणारही नाही. अदलाबदल झालेली नाही हे मला माहीत आहे, आणि मला माहीत असलेली गोष्ट मला माहीत नाही असं मी लिहायचं, तर मग मी शिकले कशाला.

मला तीन गोष्टी हव्यात. कुत्र्याचं आणि काजळीचं पुन्हा रक्त, पहिल्यापासून तीन आठवडे झाल्यावर. फाटकावरच्या राखणीच्या दोन कुत्र्यांचंही. आणि तुझा सहीचा कागद, की दुसरी नळी कुत्र्याची होती आणि काजळीला ताप खरोखर कधी आला. वहीतला नको, खरा. मामा, घोड्याच्या पायाला हात लावून ताप सांगणारा माणूस तू. वहीत बघून तारीख सांगतोस याचंच मला नवल वाटलं.

लोभ वाढव, इथे सध्या फार लागतोय.

तुझी
भिंगरी


२८ जानेवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

रक्त उद्या काढून पाठवतो. कंपाउंडर तयार आहे. फाटकावरचे दोघं कधीच ठाणांकडे येत नाहीत, त्यांच्या साखळीची लांबीच तेवढी नाही. काजळीचा कुत्रा मात्र सकाळी तिकडे जाऊन त्यांच्याशी हुंगाहुंगी करून येतो. तुला काय शोधायचं ते शोध.

सहीचं विचारू नकोस. मी दोन खोल्यांत राहतो त्या तबेल्याच्या आहेत. तेही जाऊ दे. विचारू नकोस म्हटलं की विचारू नकोस. लहानपणी तुला एवढं तरी कळायचं.

काजळी खाली बसली की उठायला वेळ लावते.

मामा


४ फेब्रुवारी

ती. मामास,
नमस्कार.

साष्टांग घालत नाही. रागावले आहे.

निकाल आधी सांगते, राग मागून. आजाराशी लढताना रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. ती असली की विषाणूला धरून ठेवतात, आणि मग प्याल्याच्या तळाशी लाल ठिपका पुन्हा बसतो. रक्त पातळ करत जायचं आणि ठिपका कुठवर टिकतो ते पाहायचं. काजळीच्या कुत्र्याचं सहा जानेवारीचं रक्त दोनदा पातळ करेपर्यंतही ठिपका टिकत नव्हता. एकोणतीस तारखेचं रक्त आठ वेळा पातळ केलं तरी ठिपका ठाम. म्हणजे त्याला घोड्याचा फ्लू खरोखर झाला होता. आणि फाटकावरच्या दोन्ही कुत्र्यांचं रक्तही तसंच आहे. जे कधी घोड्याजवळ गेले नाहीत त्यांना तो कुत्र्याकडूनच मिळाला असणार. मी तो प्याला खिडकीशी नेऊन किती वेळ बघत बसले होते कोण जाणे. आनंद झाला म्हणू की भीती वाटली म्हणू, मलाच कळेना.

मोठ्या साहेबांनी प्याला पाहिला. मग म्हणाले की हे कुत्रे त्या तबेल्यातलेच कशावरून, आणि तारखेचं काय. उद्यापासून माझी बदली भांडारात केली आहे. प्रयोगशाळेची किल्ली संध्याकाळपर्यंत द्यायची आहे. आई रडली आणि मग मला म्हणाली की, किल्ली दिलीस तरी चालेल पण मान खाली घालून देऊ नकोस. ताई म्हणून तू जिला घाबरतोस ती उगाच नाही.

आता राग. सगळं अडलंय ते तुझ्या एका तारखेवर. तू मला शिकवलंस की घोड्याच्या मागे उभं राहू नये आणि मालकाच्या पुढे वाकू नये. पहिलं मी पाळते. दुसरं तूच मोडायचं ठरवलंस? खोल्यांची भीती असेल तर आमच्याकडे खोली आहे, तुझ्या घोरण्यासकट सामावून घेऊ. पण मला वाटतं ते कारण नाहीच. दुसरंच काहीतरी आहे आणि तू ते सांगत नाहीस.

माया कर किंवा करू नकोस, उत्तर मात्र दे.

भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मामाचे आशीर्वाद.

काजळी सहा तारखेला गेली.

आता सांगतो. तिला ताप पाचला नाही, एक जानेवारीला आला. सकाळी पाय उचलला तेव्हाच हाताला कळलं, कानांच्या मुळाशीही भट्टी लागली होती. मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला की दोन तारखेला मालक पाहुणे घेऊन तिची धाव बघायला येणार आहेत, धुळीने थोडं अंग गरम होतं, पळाली की मोकळी होईल. ताप वहीत लिहिला नाही. पुढे पाच तारखेला ती उभी राहीना तेव्हा लिहिला. तुझ्या साहेबांना जी तारीख एवढी आवडली ती अशी आलेली आहे.

हे मॅनेजरचं झालं. माझं ऐक. सरावाचे नाल जड असतात, धावेला हलके लावावे लागतात. ते बदलल्याशिवाय घोडं मैदानात जात नाही. दोन तारखेला सकाळी तिचे चारही नाल मी काढले आणि हलके ठोकले. तिने नेहमीसारखा पाय ओढून घेतला नाही. दिला. गुपचूप दिला. तेव्हाच मी हातोडी खाली ठेवायला हवी होती. ठेवली नाही. अडतीस वर्षांत मॅनेजरने सांगितलं आणि मी केलं नाही असं कधी झालं नव्हतं, म्हणून केलं. ती पळाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. घोड्यांचे डॉक्टर म्हणतात, तापात पळवल्याने हृदयाला सूज आली, विश्रांती मिळती तर वाचती. कुत्रा तिच्या रिकाम्या ठाणात बसून आहे, कोणी उठवलं तर गुरगुरतो.

मला सहीची भीती नव्हती गं. तारीख खरी लिहिली की पुढचा प्रश्न येणार, की ताप होता तर नाल कोणी मारले. तो प्रश्न मला नको होता. महिनाभर तुला उलटसुलट लिहीत राहिलो ते त्याच्यासाठी.

सोबत कागद आहे. दुसरी नळी कुत्र्याची, ताप एक तारखेला, नाल मी मारले, सगळं लिहून सही केलीय. हवं तिथे दाखव.

उद्यापासून चौदा घोड्यांना शर्यतीचे नाल ठोकायचे आहेत. त्यातली सहा खोकतात. मी एकालाही ठोकणार नाही. आज मॅनेजरला तसं तोंडावर सांगितलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. शेजारच्या तबेल्यांच्या नालबंदांकडेही जाऊन आलो. घोड्याला ताप असताना मालकाच्या शब्दाखातर नाल मारला नाही असा एकही निघाला नाही त्यांच्यात. सगळे खाली बघत होते. मी म्हटलं, खाली बघून झालं असेल तर पेट्या बंद करा.

माया तर आहेच. आता थोडी माफीही घाल तिच्यात.

तुझा
मामा


१३ फेब्रुवारी

ती. मामास,
साष्टांग नमस्कार वि. वि., या वेळी खरोखर वाकून.

पत्र वाचून मी भांडारात काचेच्या बरण्यांमध्ये बसून खूप रडले. काजळीसाठी रडले, आणि तू महिनाभर हे एकट्याने उरात घेऊन फिरलास म्हणून. तू मालकापुढे वाकलास असं मी म्हणाले होते, ते शब्द परत घेते.

मग तोंड धुतलं आणि मोठ्या साहेबांकडे गेले. तुझ्या कागदावरून पुरा केलेला अहवाल पाहून ते म्हणाले की नालबंदाच्या सांगण्यावर विज्ञान चालत नाही. मी म्हटलं, महिनाभर त्याने काढलेल्या बोळ्यांवर चाललं तेव्हा कोणी तक्रार केली नव्हती. माझा आवाज जरा चढला असावा, कारण बाहेरचे कारकून दारात आले. साहेबांनी अहवाल ठेवून घेतला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. त्यांना कल्पना नसावी की मी त्याच्या तीन प्रती केल्या होत्या. एक पशुसंवर्धनाच्या मुख्य कचेरीत मी स्वतः नेऊन दिली, पोच घेऊन. दुसरी शर्यतीच्या कमिटीला टपालाने गेली. तिसरी आईकडे आहे, आणि तिच्याकडून काही काढून घेणारा अजून जन्माला यायचाय. मला नोटीस आली आहे, परवानगीशिवाय कागद बाहेर नेला म्हणून. उत्तर लिहिलं, एका ओळीचं: होय, नेला.

एक गोष्ट सांगून ठेवते. अहवालात तुझ्या कागदातली नळी आणि तारीख घेतली आहे. नालांचं वाक्य गाळलं. विषाणूच्या दृष्टीने त्याची गरज नाही, आणि ते लोक तेवढंच धरून सगळं तुझ्यावर लोटतील. तो भाग माझ्यापाशी राहील.

लोभ असा ठेव की मला भेटल्यावर ओरडता येणार नाही.

तुझी
भिंगरी


१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तू अजून पशुसंवर्धनाच्या मुख्य कचेरीतल्या चौकशीला तिकडेच अडकली आहेस, म्हणून हे पत्र तुझ्याच घरातून, तुझ्याच टेबलावर बसून लिहितोय. कालपासून ताईकडे आहे. पिवळा कुत्राही अधिकाऱ्यांची परवानगीची चिठ्ठी घेऊन सोबत आणलाय. ताईने त्याला पाहून नाक मुरडलं आणि मग स्वतःचं जुनं पांघरूण घातलं. तो महिनाभरापूर्वीच बरा झालाय, काळजी करू नकोस.

चौदा तारखेपर्यंत सात तबेल्यांतल्या एकाही घोड्याला हलका नाल लागला नाही. आम्ही अकरा नालबंद पेट्या बंद करून मैदानाच्या कुंपणापाशी बसलो होतो. मालक स्वतः आले. मला आधी समजावलं, मग बाहेरगावाहून दुसरे नालबंद आणण्याची धमकी दिली. आणलेही दोघं. त्यांनी पहिल्याच घोड्याच्या छातीला कान लावला आणि आमच्याशेजारी येऊन बसले. चौदालाच दुपारी पशुसंवर्धनाचे मोठे अधिकारी जीपमधून उतरले, हातात तुझा अहवाल. शर्यत चार आठवडे पुढे, कोणतंही घोडं किंवा सोबती तबेल्याबाहेर जाणार नाही, कुत्र्यांची तपासणी व्हायची. हुकूम त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. जिंकलीस तू.

मग त्यांनी विचारलं की पहिली घोडी आजारी कधी पडली. मॅनेजर वही पुढे करून म्हणाला, पाच जानेवारी. मी म्हटलं, एक. त्यांनी विचारलं की तुला कशावरून माहीत. भिंगरे, तुझं पत्र सकाळीच आलं होतं, पण तू काय केलं आहेस ते मला तेव्हा नीट कळलं. तुझ्या अहवालात त्याचं उत्तर नव्हतं. मॅनेजरने मालकासाठी ताप गाळला. तू मामासाठी नाल गाळलेस. त्याने लबाडीने केलं, तू मायेने केलंस, हे मला कळतं. पण वही दोन्हीकडे साफसूफच झाली.

म्हणून मी उभा राहिलो. अधिकारी होते, मालक होते, सगळे मोतद्दार होते. मी सांगितलं की एक तारखेपासून तिच्या अंगात ताप होता, मला तो हाताला लागला होता, आणि तरी दोनला मी तिला धावेचे नाल मारले. मालकाने तिथेच मला कामावरून काढलं. मी पेटी उचलली. त्यानंतर एकेक मोतद्दार पुढे आला आणि आपल्या घोड्याला खरा ताप कधी आला ते सांगायला लागला. अधिकाऱ्यांना लिहायला कागद पुरेना.

मला वाचवण्यासाठी तू काही गाळायचं नाहीस. अहवालाची नवी प्रत कर आणि ते वाक्य माझ्या शब्दांत घाल: काजळीला ताप आहे हे माहीत असताना तिचे नाल मी मारले. खाली माझं पूर्ण नाव आणि धंदा लिही. सही करायला मी तिकडे कचेरीतच येतोय.

तुझा
मामा